हिलो ते वॉशिंग्टन : हवाई भाषेत इतिहास मांडणाऱ्या मुलांच्या प्रवासाचा खर्च कसा उभा करायचा

शाळकरी मुलांच्या 'नॅशनल हिस्टरी डे' या इतिहास-स्पर्धेच्या राज्य फेरीचा निकाल एप्रिलच्या मध्याला लागतो आणि राष्ट्रीय फेरी असते जूनच्या मध्याला. मध्ये जेमतेम आठ आठवडे. निकाल लागल्यावर वर्गणीला निघालात तर या आठ आठवड्यांत तिकिटांचे भाव रोज वर जातात, मोठ्या संस्थांच्या अनुदानाच्या तारखा केव्हाच उलटलेल्या असतात आणि शाळेत वर्षअखेरीची धांदल सुरू असते. पहिल्या वर्षी आम्ही नेमकं हेच केलं. शेवटची दोन तिकिटं दोघा पालकांच्या क्रेडिट कार्डावर गेली आणि त्यांचे पैसे फिटायला ऑक्टोबर उजाडला.

मी हिलोत, म्हणजे हवाई राज्यातल्या हवाई बेटावरच्या गावात, राहते. मुलगी हवाई भाषेच्या माध्यमाच्या शाळेत आहे, आणि हिशेब येतो एवढ्या एका गुन्ह्यासाठी मी पालकांच्या संस्थेची खजिनदार झाले. अमेरिकेत इतरत्र राहणाऱ्या दोन-तीन मराठी मैत्रिणींनी 'तुम्ही हे जमवता तरी कसं?' असं विचारलं, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितेय. यातलं बरंचसं कुठल्याही शाळेला लागू पडेल. काही गोष्टी मात्र फक्त हवाईच्या आहेत, आणि खर्च चुकतो तो त्याच ठिकाणी.

आधी स्पर्धा समजून घ्या

'नॅशनल हिस्टरी डे' ही शाळकरी मुलांची इतिहास-संशोधनाची स्पर्धा १९७४ साली क्लीव्हलँडमध्ये सुरू झाली. सहावी ते आठवीचा कनिष्ठ गट, नववी ते बारावीचा वरिष्ठ. प्रकार पाच : निबंध, प्रदर्शन, माहितीपट, नाट्यसादरीकरण आणि वेबसाइट. निबंध एकट्यानंच लिहायचा. बाकी चार प्रकार एकट्यानं किंवा दोन ते पाच जणांच्या गटानं करता येतात. प्रत्येक राज्यातून प्रत्येक प्रकारातल्या पहिल्या दोन प्रवेशिका राष्ट्रीय फेरीला जातात. ती फेरी मेरिलँड विद्यापीठाच्या कॉलेज पार्क आवारात, वॉशिंग्टनच्या अगदी शेजारी होते. हवाईतली राज्य फेरी 'हवाई कौन्सिल फॉर द ह्युमॅनिटीज' ही राज्याची मानव्यविद्या परिषद भरवते आणि तिथे हवाई भाषेतल्या प्रवेशिकाही येतात.

हवाई भाषेतच का, हा प्रश्न देणगीदार हमखास विचारतात. उत्तर तयार ठेवा, कारण तुमच्या मागणीपत्राचा तोच कणा आहे. १८९३ मध्ये तेव्हाच्या स्वतंत्र हवाई राज्याच्या राणी लिलिउओकलानीची सत्ता उलथवली गेली आणि १८९६ च्या कायद्यानं शाळांचं माध्यम इंग्रजी झालं. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत घरातलं बोलणंही बदललं. १९७८ मध्ये राज्यघटनेनं हवाईला अधिकृत भाषा केलं, १९८३ मध्ये 'अहा पूनाना लेओ' ही संस्था उभी राहिली, पुढच्याच वर्षी तिची पहिली बालवाडी काउआई बेटावर निघाली, आणि १९८७ पासून सरकारी शाळांत हवाई माध्यमाचे वर्ग सुरू झाले. त्यातले पहिले दोन वर्ग निघाले ते ओआहू बेटावर वायाऊला आणि आमच्या हिलोत केऔकाहाला.

दुसरं कारण इतिहासाच्या कामातलंच आहे. १८३४ ते १९४८ या काळात हवाई भाषेत शंभराहून जास्त वर्तमानपत्रं निघाली. सव्वा लाखाच्या आसपास पानं आहेत ती, आणि इंग्रजीत आलाय त्यांतला अगदी थोडा भाग. म्हणजे ज्या मुलाला हवाई वाचता येतं, त्याला एकोणिसाव्या शतकातल्या माणसाचं बोलणं थेट ऐकू येतं. हवाईत इतिहासाला 'मोओलेलो' म्हणतात. 'मोओ' म्हणजे ओळीनं येणारं, 'ओलेलो' म्हणजे बोलणं किंवा भाषा. एकामागून एक सांगत आलेलं बोलणं ते मोओलेलो. आपल्या 'इति-ह-आस'च्या शेजारी ठेवण्यासारखा शब्द आहे.

पायरी पहिली : निधीला नाव द्या, मुलांना नको

ऑगस्टमध्ये शाळा सुरू होते. तेव्हा कोण जिंकणार हे कुणालाच माहीत नसतं आणि तेच सोयीचं आहे. 'अमक्या मुलीला वॉशिंग्टनला पाठवा' म्हणून पैसे मागू नका. 'इतिहास प्रवास निधी' म्हणून मागा. त्या वर्षी जो गट निवडला जाईल, तो त्यातून जाईल.

हे नुसतं सौजन्य नव्हे, यात कायदा आहे. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर पैसे ५०१(सी)(३) कलमाखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेकडे यावे लागतात, आणि देणगी एखाद्या ठरावीक मुलाच्या नावानं दिली तर ती सवलत मिळत नाही. बरेच पालकगट आणखी एक घोळ घालतात. ज्यानं जास्त कुपनं विकली त्याच्या मुलाच्या खात्यावर जास्त रक्कम जमा. वरवर न्यायाचं वाटतं. २०१३ मध्ये एका जिम्नॅस्टिक्स पालकसंघाची करमुक्ती याच पद्धतीपायी अमेरिकेच्या कर न्यायालयात टिकली नाही. तेव्हा पैसा सगळ्यांचा, पाटी एक. दोन नोकऱ्या करणाऱ्या आईला शनिवारी स्टॉलवर उभं राहता आलं नाही, तर तिच्या लेकराची जागा जाता कामा नये.

तुमची स्वतःची नोंदलेली संस्था नसेल तर नवी काढत बसू नका, त्यात वर्ष जातं. एखादी जुनी स्थानिक संस्था तुमच्या निधीचं पालकत्व घेईल का, ते विचारा. अशी संस्था साधारणपणे जमा रकमेतला काही टक्के भाग व्यवस्थापनासाठी ठेवते. ते टक्के, पैसे किती दिवसांत सुटणार आणि सही कुणाची लागणार, या तिन्ही गोष्टी कागदावर घ्या.

आणि निवडच झाली नाही तर? हेही पहिल्याच पत्रात लिहून टाका. आमच्याकडे ते सोपं जातं, कारण राज्य फेरी ओआहूवर असते आणि हिलोच्या मुलांना तिथे जायलाही विमानच लागतं. निधीतून पहिला खर्च त्या तिकिटांचा. उरलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या खात्यात. देणाऱ्याला एवढं कळलं की तो 'आधी जिंकून तर या' म्हणत नाही.

पायरी दुसरी : खर्चाचा खरा आराखडा

पाच मुलं, एक शिक्षिका, एक पालक. सात माणसं. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तिकिटांचे भाव आठवड्याला बदलतात. पण मांडणी अशी करावी :

विमान, माणशी १,००० डॉलर धरून : ७,०००
नोंदणी, राहणं आणि जेवण, माणशी ९०० धरून : ६,३००
तिथला स्थानिक प्रवास : ७००
प्रदर्शनाचं सामान पाठवणं : ३००
सदरे, बिल्ले, भेटवस्तू : ३५०
एकूण १४,६५०. त्यावर दहा टक्के अडीअडचणीसाठी, १,४६५. म्हणजे १६,११५.

शेवटचे दहा टक्के समितीतला कुणीतरी कापायला बघतोच. कापू देऊ नका.

मुख्य भूमीवरच्या शाळांपेक्षा आपला आराखडा कुठे वेगळा पडतो, ते नीट समजून घ्या. होनोलुलू ते वॉशिंग्टन हे अंतर सुमारे ७,७०० किलोमीटर आहे. मुंबई-लंडनपेक्षा लांब, तरी देशांतर्गत. हिलोहून आधी होनोलुलू गाठायचं, मग पुढे. जूनमध्ये वॉशिंग्टनचं घड्याळ आपल्या सहा तास पुढे असतं. परीक्षकांची मुलाखत सकाळी ९ ला असेल तर मुलांच्या शरीरात पहाटेचे ३ वाजलेले असतात. आदल्या रात्री पोचलेली मुलं उत्तरं विसरतात, आणि तो दोष त्यांच्या अभ्यासाचा नसतो. किमान दोन दिवस आधी पोचायचं, आणि त्या दोन रात्रींचं भाडं आराखड्यात लिहायचं. देणगीदारांपैकी एकानं 'हे दोन दिवस सहलीचे का?' असं विचारलं होतं. घड्याळाचं गणित लिहून पाठवल्यावर त्याच गृहस्थांनी एका रात्रीचं भाडं भरलं.

प्रवेशिकेचा प्रकारही खर्च ठरवतो. वेबसाइट आणि निबंधाला सामान नाही. माहितीपटाला एक पेनड्राइव्ह, आणि दुसरा पेनड्राइव्ह वेगळ्या माणसाच्या खिशात. नाट्यसादरीकरणाला कपडे आणि वस्तू. सगळ्यात खर्चिक प्रदर्शन. नियमात ते ४० इंच रुंद, ३० इंच खोल आणि ६ फूट उंच असू शकतं. विमान कंपन्यांची नेहमीच्या सामानाची मर्यादा बहुतेक ठिकाणी लांबी-रुंदी-उंची मिळून ६२ इंच आणि वजन ५० पौंड. एका वर्षी आमच्या मुलांनी सुंदर अखंड फळी केली. कोआच्या लाकडासारखा रंग दिलेली, कडेला कापाची, म्हणजे झाडाच्या सालीच्या कापडाची, नक्षी रंगवलेली. विमानतळावरच्या खिडकीशी बाईंनी टेप लावला आणि मान हलवली. जादा आकाराचं शुल्क भरलं, आणि पलीकडे ती फळी एक कोपरा चेपून आली. मुलांनी रात्री बारा वाजता वसतिगृहाच्या जमिनीवर बसून तो कोपरा कागदाच्या लगद्यानं भरला.

तेव्हापासून नियम एकच : फळी तीन तुकड्यांची, बिजागरीवर घडी होणारी, आणि घडी केल्यावर मोठ्या बॅगेत बसणारी. बाकीचं सामान टपाल खात्याच्या सपाट दराच्या खोक्यातून. या खोक्याला वजनाप्रमाणे किंवा अंतराप्रमाणे पैसे पडत नाहीत. हिलोहून होनोलुलूला जो दर, तोच मेरिलँडला, ७० पौंडांपर्यंत. बेटांवर राहणाऱ्या प्रत्येकाला हे खोकं जीव की प्राण आहे.

पायरी तिसरी : भाषेचा खर्च वेगळा लिहा

ही ओळ बहुतेक आराखड्यांत नसते आणि सगळ्यात जास्त गरज तिचीच असते.

राष्ट्रीय फेरीतल्या परीक्षकांना हवाई येत असेल असं धरून चालू नका. म्हणजे माहितीपटाला इंग्रजी उपशीर्षकं, प्रदर्शनाला भाषांतर आणि मुलाखतीसाठी पूर्वतयारी हवी. शब्दमर्यादा कडक आहेत : प्रदर्शनावर मुलांचे स्वतःचे शब्द ५००, वेबसाइटवर १,२००, माहितीपट आणि नाट्य १० मिनिटं. भाषांतराचे शब्द यात कसे मोजले जाणार, दुभाषा चालतो का, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघा आणि राज्याच्या समन्वयकांना ईमेलनं विचारून उत्तर छापून फाइलला लावा. तोंडी उत्तरावर विसंबून राहू नका, ऐन वेळी समोर दुसराच माणूस असतो.

पैशाच्या भाषेत याचा अर्थ असा. भाषांतर तपासणाऱ्या जाणकाराला मानधन द्यायचं. फुकट करून घेऊ नका. कुपुना, म्हणजे बुजुर्ग मंडळी, पैसे घेत नाहीत, तर त्यांच्या घरी काहीतरी घेऊन जायचं. सोबत जाणाऱ्या दोन मोठ्यांपैकी एक कुमु, म्हणजे शिक्षिका, हवीच. तिच्या रजेच्या काळात वर्गावर बदली शिक्षक लागत असेल तर तो खर्चही धरायचा. समितीत दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, 'कुमुच्या जागी आणखी एक मूल जाईल की.' मुलांना मुलाखतीत शब्द अडला, तर तो हवाईत शोधून इंग्रजीत मांडायला मदत कुणी केली होती, ते सराव बघितलेल्यालाच कळतं. कुमुचं तिकीट पहिलं काढायचं.

अर्ज भरताना आणखी एक बारकावा. हवाई लिपीत ओकिना हे चिन्ह चक्क व्यंजन आहे आणि काहाको म्हणजे दीर्घ स्वराची खूण. पत्रात, फलकावर, बिल्ल्यावर दोन्ही अचूक हवीत, नाहीतर ज्या भाषेसाठी पैसे मागता तीच चुकीची लिहिली असं होतं. विमानाच्या तिकिटावर मात्र ही चिन्हं बसत नाहीत. तिकिटावरचं नाव चिन्हांशिवाय, पण अक्षरं ओळखपत्राप्रमाणे, एकही कमी नाही. आमच्या मुलांची नावं वीस-पंचवीस अक्षरांची असतात, तेव्हा हे काम एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं टंकायचं.

पायरी चौथी : कुणाकडे मागायचं, आणि कधी

मोठ्या संस्थांना महिने लागतात, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात. हवाई लोकांच्या हितासाठी १९७८ च्या घटनादुरुस्तीतून उभं राहिलेलं 'ऑफिस ऑफ हवाईयन अफेअर्स', राजकन्या पौआहीच्या मृत्युपत्रातून निघालेल्या कामेहामेहा शाळांचा न्यास, हवाई कम्युनिटी फाउंडेशन. यांच्या अनुदानाच्या खिडक्या ठरावीक काळच उघड्या असतात. सप्टेंबरमध्ये प्रत्येकाच्या तारखा एका कागदावर लिहून काढा आणि तो कागद शीतकपाटावर चिकटवा.

मधली फळी म्हणजे हवाईयन सिव्हिक क्लब, ज्यांची परंपरा १९१८ पासूनची आहे, रोटरी, स्थानिक पतपेढ्या, कंत्राटदार, दंतवैद्य. यांना अर्ज नको असतो, माणूस लागतो. त्यांच्या मासिक सभेत १० मिनिटं मागून घ्या आणि मुलांनाच बोलू द्या. एका सभेत आमच्या सातवीतल्या मुलानं १८९७ च्या वर्तमानपत्रातला एक परिच्छेद हवाईत वाचला. मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि मुलाला थांबवून म्हणाले, ते गावाचं नाव परत वाच. त्यांच्या आजीचं गाव होतं ते. त्या सभेत धनादेश मिळाला तो वेगळाच. आजोबांच्या घरची जुनी कागदपत्रं मुलांना बघायला मिळाली, ती त्यांच्या संदर्भयादीत गेली.

एका गोष्टीची सवय लावून घ्या : एका दात्यावर एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भार नको. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं राज्यांच्या मानव्यविद्या परिषदांची चालू अनुदानं अचानक रद्द केली. इतिहासाच्या स्पर्धा ज्यांच्या आधारावर चालतात, त्याच या संस्था. राज्य फेऱ्यांच्या ऐन महिन्यात हा घाव बसला. ज्यांच्या पिशवीत चार-पाच ठिकाणचे पैसे होते ते सावरले.

पत्र एका पानाचं. आमच्या पत्राचा गाभा असा असतो :

'आमच्या शाळेतली पाच मुलं अमुक विषयावर हवाई भाषेतल्या मूळ साधनांवरून संशोधन करत आहेत. निवड झाल्यास ती जूनमध्ये वॉशिंग्टनजवळ ते मांडतील. एकूण खर्च १६,११५ डॉलर. आजवर ६,२०० जमा आहेत. आपण एका मुलाचं विमानभाडं, म्हणजे १,००० डॉलर, किंवा एका दिवसाचं सगळ्यांचं जेवण देऊ शकाल का? निवड झाली नाही तर ही रक्कम पुढच्या वर्षीच्या गटासाठी राहील. ऑगस्टमध्ये पूर्ण हिशेब आपल्याला पाठवू.'

नेमकी रक्कम मागा. 'यथाशक्ती' लिहिलं की शक्ती आटते, हे गणपतीच्या वर्गणीला फिरलेल्या कुणालाही सांगायला नको.

पायरी पाचवी : लाऊलाऊ विकणं

हवाईत निधी म्हटलं की खाणं आलंच. निखाऱ्यावर जाळीत उलटसुलट फिरवलेलं हुली-हुली चिकन हे १९५५ पासूनचं हक्काचं साधन. शिवाय चिलीची कुपनं, पोर्तुगीज गोड पाव. आमच्या शाळेचा भर लाऊलाऊवर आहे, आणि खरं सांगायचं तर मी या समितीत रमले ती त्याच्यामुळे. लाऊलाऊ म्हणजे डुकराचं मांस आणि खारवलेल्या माशाचा तुकडा कालोच्या पानांत गुंडाळायचा, वरून टी नावाच्या झाडाच्या पानाचं वेष्टन बांधायचं आणि तासन्‌तास वाफवायचा. कालो म्हणजे आपलं अळू. पहिल्या शुक्रवारी रात्री शाळेच्या स्वयंपाकघरात अळूच्या पानांचा ढीग बघून मी देठ सोलायला बसले. शेजारच्या आजींनी विचारलं, तुला कुणी शिकवलं? घशाला खाजू नये म्हणून काय करायचं यावर आमचं अर्धा तास चाललं. आमच्याकडे चिंच घालतात म्हटल्यावर त्या हसल्या. त्यांचा उपाय एकच : वाफ, आणि घाई करायची नाही.

आता हिशेब. १५० ताटं, प्रत्येकी १५ डॉलर, जमा २,२५०. साहित्य ताटामागे ६ डॉलर, म्हणजे ९००. राहिले १,३५०? नाही. हवाईत जनरल एक्साइज टॅक्स नावाचा कर आहे. संस्था धर्मादाय असली तरी निधीसाठी केलेल्या विक्रीवर तो लागतो, आणि तो नफ्यावर नाही, एकूण जमेवर लागतो. आमच्या बेटावर साडेचार टक्के. २,२५० वर १०१ डॉलर २५ सेंट. हातात १,२४८ डॉलर ७५ सेंट. हे आधी माहीत नसेल तर वर्षअखेरीला खजिनदाराची झोप उडते. माझी उडाली होती.

आरोग्य खात्याचा तात्पुरत्या खाद्यविक्रीचा परवाना आधी काढा. आणि आगाऊ मागणी घ्या. रस्त्यावर ताटं मांडून गिऱ्हाइकाची वाट बघण्यात अर्धा माल अंगावर येतो. कुपन विकलं, पैसे घेतले, मग पानं तोडायला जायचं.

सोडतीची तिकिटं मात्र विकू नका. हवाईत जुगाराला बंदी आहे आणि पैसे घेऊन काढलेली सोडत त्यात सापडते. एक बाबा उत्साहानं तिकिटांची छापील पुस्तकं घेऊन आले होते. ती आता मुलं पाठकोऱ्या म्हणून वापरतात. त्याऐवजी कागदी बोलीचा लिलाव करा. वस्तू मांडायच्या, समोर कागद, ज्याची बोली शेवटी वर तो घेऊन जाईल. हातानं विणलेली लाउहालाची, म्हणजे केवड्याच्या जातीच्या पानांची, टोपली आणि शेजाऱ्याच्या बोटीवरची मासेमारीची सकाळ, या दोन गोष्टींनी आमच्या लिलावात बाकी सगळ्यांना मागे टाकलं.

मे महिना विसरू नका. पहिल्या तारखेला लेई दिन, मग पदवीदान समारंभ. पदवी घेणाऱ्याच्या गळ्यात कानापर्यंत माळा चढतात इथे. मुलांनी आदल्या संध्याकाळी ओवलेल्या माळा समारंभाच्या दाराशी दीड तासात संपतात. राज्य फेरी झालेली असते, कोण जाणार ते ठरलेलं असतं, आणि कुणासाठी घेताय ते गिऱ्हाइकाला समोर दिसतं.

ऑनलाइन वर्गणीबद्दल थोडंच. गोफंडमीसारख्या ठिकाणी प्रत्येक देणगीमागे २.९ टक्के आणि ३० सेंट कापले जातात. १०० डॉलर दिले तर ९६ डॉलर ८० सेंट पोचतात. दूरच्या नातेवाइकांसाठी ठीक. गावातल्या माणसाला धनादेशच लिहायला सांगा. मुलांचे चेहरे आणि पूर्ण नावं जाहीर पानावर टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या.

पायरी सहावी : तिकिटं काढताना

निकाल लागला की ४८ तासांत नावं पक्की करा आणि तिकिटं काढा. सगळी एकाच आरक्षणात. पहिल्या वर्षी चार पैसे वाचवायला आम्ही दोन वेगळ्या आरक्षणांत मुलं विभागली. मधल्या थांब्यावर एका गटाचं विमान उशिरा आलं, पुढचं चुकलं, आणि तीन मुलं एका पालकासह रात्रभर विमानतळावर राहिली. आरक्षण एकत्र असतं तर कंपनीनं सगळ्यांना एकत्र हलवलं असतं.

नातेवाइकांकडे साठलेले विमानाचे माइल्स मागायला लाजू नका. बेटांवर प्रत्येकाकडे ते पडून असतात. मात्र ते हस्तांतरित करून घेण्याऐवजी त्यांनीच त्यांच्या खात्यातून मुलाचं तिकीट काढलेलं स्वस्त पडतं. बाकीचे एकत्र ज्या विमानात आहेत, त्याच विमानाचं.

देशांतर्गत प्रवासात १८ वर्षांखालच्या मुलांना सुरक्षा तपासणीत ओळखपत्र लागत नाही. मोठ्यांचा वाहनपरवाना मात्र २०२५ च्या मेपासून 'रिअल आयडी' दर्जाचा, म्हणजे केंद्र सरकारच्या कडक निकषांचा, हवा, नाहीतर पासपोर्ट. आमच्या एका सोबतीचं घोडं यावर अडणारच होतं, पासपोर्ट सापडला म्हणून निभावलं. हवाईतून मुख्य भूमीवर जाताना कृषी खात्याची सामानतपासणी असते. भेट द्यायला ताज्या माळा नेणार असाल तर कुठली पानं-फुलं चालत नाहीत ते आधी बघा. लिंबाच्या जातीचं काहीही नको. आम्ही आता कुकुईच्या बियांच्या माळा नेतो, त्या सुकतही नाहीत.

रेगन विमानतळावरून मेट्रोनं कॉलेज पार्कला जाता येतं. सात जणांना गाडी भाड्यानं घेण्यापेक्षा ते बरं. जूनमध्ये तिथली हवा चिकट, आणि सभागृहं मात्र इतकी गार की आमची मुलं कुडकुडतात. प्रत्येकी एक जाड सदरा. आणि बिल्ले भरपूर न्या, कारण राज्याराज्यांची मुलं तिथे एकमेकांत बिल्ल्यांची अदलाबदल करतात. हवाईच्या बिल्ल्याला चांगला भाव असतो.

एक दिवस अभिलेखागारासाठी

हा खर्च आराखड्यात बसवाच, मेट्रोच्या भाड्यापलीकडे तो फारसा नाही. १८९७ मध्ये हवाई अमेरिकेला जोडण्याचा करार सिनेटपुढे होता. त्याच्याविरुद्ध 'हुई अलोहा आइना' या संघटनेच्या पुरुष आणि स्त्रियांच्या शाखांनी बेटाबेटांवर फिरून २१ हजारांहून जास्त सह्या गोळा केल्या. ५५६ पानं. या संघटनेचे पहिले अध्यक्ष जोसेफ नावाही आमच्याच भागातले, पुना जिल्ह्यातले. ते आदल्या वर्षी वारले होते. हिलोजवळच्या केआऊची हवाई माध्यमाची शाळा आज त्यांच्या नावानं चालते. चार प्रतिनिधी बोटीनं आणि मग रेल्वेनं डिसेंबरात वॉशिंग्टनला पोचले, तिथे आधीच आलेल्या राणीला भेटले, सिनेटरांच्या दारोदार फिरले. कराराला लागणारी दोन तृतीयांश मतं जमली नाहीत. पुढे १८९८ च्या जुलैत साध्या बहुमताच्या ठरावानं विलीनीकरण झालंच. पण ती पानं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

मूळ कागद बघायचे असतील तर कित्येक आठवडे आधी तिथल्या संसदीय दस्तऐवज विभागाला लिहा. संशोधक-पत्र १४ वर्षांपासून पुढच्यांनाच मिळतं, म्हणून कनिष्ठ गटासाठी काय सोय होईल ते त्याच पत्रात विचारा. निघण्यापूर्वी मुलांना सह्यांच्या प्रतिमा चाळायला बसवा आणि आपापल्या घरातली नावं शोधायला सांगा. आमच्या पाचांपैकी तिघांना सापडली. एकीला पणजीच्या आईची सही मिळाली, गाव हिलो, वय १६ लिहिलेलं. तिनं तो पानाचा क्रमांक तळहातावर लिहून घेतला होता.

परत आल्यावर

आठवड्याभरात पावत्या गोळा करा, नंतर त्या सापडत नाहीत. रोज रात्री झोपण्यापूर्वी पावत्यांचे फोटो काढून एकाच गटात टाकायचे, हा नियम आता आम्ही सोबत्यांना निघतानाच सांगतो. हिशेब एका पानाचा : जमा, खर्च, शिल्लक. सोबत मुलांच्या हातचं, हवाईत लिहिलेलं आभारपत्र आणि खाली इंग्रजी. जे देऊ शकले नाहीत पण ज्यांनी सभेत १० मिनिटं दिली, त्यांनाही ते पाठवा. मुलांना त्याच संस्थांपुढे सप्टेंबरात पुन्हा उभं करा, या वेळी पूर्ण सादरीकरण करायला, मागणीचा शब्दही न काढता.

गेल्या वर्षी आमच्या खात्यात ८४७ डॉलर उरले. ते नव्या वर्षाच्या वहीत पहिल्या ओळीवर लिहिले आणि पानांची मागणी नोंदवायला आजींना फोन केला.